डाव्या कानातली माझी जागा

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. जोडीतला डावा. उजवा माझा जुळा भाऊ, आणि आम्ही दोघे एका टेबलाच्या वरच्या खणात, झिप असलेल्या गोल डबीत राहतो. तुम्ही आम्हाला एकच वस्तू समजता. हरवलो की "माझा इअरफोन कुठे गेला?" असे म्हणत घर डोक्यावर घेता, त्यातला डावा गेला की उजवा हे कोणी विचारत नाही. आमचे नशीबही एकच असायला हवे होते. पण तसे झाले नाही. उजवा आजही रोज आपल्या घरी जातो आणि मी परक्या घरी कामाला जातो. माझे घर बंद झाले आहे. ते कसे बंद झाले, हे सांगायला आज बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तुमच्या साध्या इअरफोनच्या पोटात एक इवलीशी वाटी असते आणि तिला मधोमध धक्के देऊन हलवतात. माझ्या पोटात वाटी नाही. माझ्यात एक चपटा पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यावर धातूची बारीक नागमोडी रेघ आहे आणि जवळच लोहचुंबकांच्या रांगा. आवाजाची वीज त्या रेघेतून धावली की पडदा सगळाच्या सगळा एकदम हलतो. मध्य पुढे गेला आणि कडा मागे राहिल्या, असे होत नाही. त्यामुळे आवाज आला की लगेच येतो आणि थांबला की लगेच थांबतो, मागे रेंगाळत नाही. कोणी पुस्तकाचे पान उलटले तर ते पान जाड की पातळ, एवढे मी सांगू शकतो. या गोष्टीचा मला थोडा गर्व आहे. तो तुम्ही पोटात घाला.

आमची जोडी जमवली ती कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी. त्यांच्यासमोरच्या संगणकाच्या पडद्यावर माझ्या आवाजाची एक रेघ उमटली होती, आणि तिच्यावर बरोबर बसेल अशी रेघ असलेला उजवा त्यांना हवा होता. बरेच उजवे आले आणि नाकारले गेले. कोणाची रेघ वर जायची, कोणाची खाली. मग हा आला, आणि दोन रेघांची एकच झाली. बाईंनी शेजारणीला हाक मारली. "ये बघ गं, हे दोघं एकाच आईच्या पोटातून आल्यासारखे आहेत." त्या दिवसापासून आमच्यात डावे-उजवे करायला कोणाला जागाच उरली नाही.

माझा पहिला मालक दादा. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दादा शिंपी आहे. कोटाच्या खांद्याला सुताएवढा झोल आला तरी त्याला जेवण गोड लागत नाही, सगळे उसवून पुन्हा शिवतो. काजे-बटणे करताना कानात गाणी हवीत म्हणून त्याने आमची बरीच तारीफ वाचून आम्हाला मागवले होते. मोठ्या हौसेने डबी उघडली, आम्हाला उचलले आणि थेट कानात कोंबले.

आता हसू नका. आमच्या तोंडावर एक रबरी टोपी असते. कान तसे असतात तऱ्हेतऱ्हेचे, म्हणून डबीत लहान, मधल्या आणि मोठ्या टोप्या ठेवलेल्या असतात. कारखान्यातून निघताना आमच्या डोक्यावर मधली होती. दादाचे कान मात्र चांगले सुपाएवढे. टोपी आणि कान यांच्यात फट राहिली. फट राहिली की खालचे भारदस्त सूर आधी पळून जातात, आणि मागे उरतात ते वरचे, किरकिरे. "हे काय! नुसता पत्रा वाजतोय," दादा म्हणाला. "एवढं कौतुक वाचलं आणि यात दम काडीचा नाही." जन्मभर दुसऱ्यांची मापे घेणाऱ्याला स्वतःच्या कानाचे माप घ्यावे असे काही सुचले नाही. नाचता येईना अंगण वाकडे. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला बहिणीच्या हातात ठेवले. "घे, तुझ्या काही उपयोगी पडले तर बघ."

अशी मला ताई मिळाली.

ताई एका छोट्या स्टुडिओत काम करते. तिथे मुलांसाठी नाटुकली तयार होतात, नुसती ऐकायची. नट मंडळी बोलून घरी जातात आणि मग ताईचे काम सुरू होते. कोणाचा श्वास मोठा आला, कोणाची खुर्ची कुरकुरली, कोणाच्या पोटात कावळे ओरडले, त्या साऱ्या सुरकुत्या ती काढून टाकते. म्हणून स्टुडिओतले सगळे तिला इस्त्रीताई म्हणतात. आवाज सपाट झाला की ती त्याला जागा देते. आजोबा डावीकडून खोकत येतात, मांजर उजवीकडे पळते, आई मागच्या खोलीतून हाक मारते. डोळे मिटून ऐकणाऱ्या मुलाला सगळे घर दिसायला हवे. त्यासाठी दोन्ही कान सारखे लागतात.

दादाने दिलेली डबी तिने टेबलावर रिकामी केली आणि टोप्या ओळीने मांडल्या. एकेक टोपी बसवून पाहिली. तार कानामागून घेतली, एका हाताने कान किंचित वर ओढला, मला आत सरकवले आणि अर्धा वळसा दिला. पुन्हा काढले, दुसरी टोपी, पुन्हा वळसा. तेव्हा तिला स्वतःबद्दल एक नवीन गोष्ट कळली. तिचे दोन कान सारखे नव्हते. उजव्याला मधली टोपी लागत होती आणि डाव्याला सगळ्यांत लहान. ती लहान टोपी घालून मी तिच्या कानात बसलो, तेव्हा बाहेरचा पंखा, रस्ता, शेजारच्या खोलीतला फोन, सगळे एकदम दूर गेले. आत ऊब होती आणि तिच्या नाडीची हलकी टकटक होती. मित्रांनो, घर म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळले.

मग तिने एक जुना तुकडा लावला. लपाछपीचा. एक मुलगी भिंतीकडे तोंड करून आकडे मोजते आहे आणि बाकीची मुले लपायला पळत आहेत. हा तुकडा तिनेच तयार केला होता, शेकडो वेळा ऐकला होता. पण ती एकदम थांबली. तुकडा मागे नेला आणि पुन्हा ऐकला. अगदी डावीकडे, दूर, कोणीतरी तोंडावर हात दाबून हसत होते. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एखादे पोर खरेच हसले असेल आणि कोणाच्या लक्षात आले नसेल. ते हसू फक्त डाव्या बाजूला होते. म्हणजे ते फक्त माझे होते. "अगं बाई, तू इथे लपली होतीस होय?" ताई म्हणाली आणि स्वतःही हसली.

तेव्हापासून तिचा एक नेम झाला. सकाळी कामाला बसले की आधी आम्हाला घालायचे आणि तो लपाछपीचा तुकडा ऐकायचा. डावीकडचे हसू ऐकू आले की आम्ही नीट बसलो आहोत असे समजायचे. नाही आले तर टोपीला अर्धा वळसा द्यायचा. मग दिवसाचे काम. संध्याकाळी ती मऊ कुंचल्याने आमच्या तोंडाची बारीक जाळी झाडायची, कोरड्या फडक्याने पुसायची, तारेचे सैल वेटोळे करायची आणि मगच घरी निघायची. नव्या माणसांना ती बजावून सांगे, "आवाज वाईट वाटला तर इअरफोनला शिव्या देऊ नका. आधी टोपी बघा. नव्याण्णव वेळा टोपीच चुकलेली असते." माझ्या वाट्याला अशी सुखाची वर्षे पुष्कळ आली. ती मी अजूनही पुरवून पुरवून आठवतो.

आणि मग एका सकाळी हसू आले नाही.

म्हणजे मी ते पाठवले होते, रोजच्यासारखेच. ताईने मला अर्धा वळसा दिला. तुकडा मागे नेला. मी पुन्हा हसू पाठवले. तिने कपाळाला आठी घातली आणि मला काढून माझी टोपी पाहिली. टोपीला काय झाले होते? काहीच नाही.

त्या दिवसापासून जे सुरू झाले ते आठवले की माझा पडदा आजही आक्रसतो. जी गोष्ट ती साऱ्या जगाला शिकवत होती, तिच्यावरच तिचा एवढा विश्वास होता की तिला दुसरे काही सुचेना. तिने लहान टोपी बदलून नवी लहान घातली. मग मधली. मग स्पंजाची, जी चिमटून घालायची आणि कानात फुगते. माझी जाळी झाडली, मग बदलली. तार बदलली. डावी-उजवी टोके आलटून पालटून लावली. तरी डावीकडून आवाज मंदच येई. म्हणजे तार चांगली आहे, बिघाड आतल्या पडद्यात आहे, असे तिने ठरवले. तिचा हिशेब अगदी बरोबर होता. फक्त त्यात एक गोष्ट तिने धरलीच नव्हती, कारण ती गोष्ट तिच्या स्वतःच्या अंगावर होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला मात्र दिसत होते. टेबलावर पडल्या पडल्या मी पाहत होतो की ती हल्ली फोन उजव्याच कानाला लावते. कोणी डावीकडून हाक मारली तर ओ देत नाही. मित्रांनो, मला हजारो आवाज येतात, पण स्वतःचा एकही नाही. लोकांचे बोलणे मी तिच्या कानात पोचवत होतो आणि मला जे सांगायचे होते ते माझ्याच पोटात राहत होते.

ती मला एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. तिथल्या काकांनी भिंगातून मला न्याहाळले, टोपी बदलून आधी आपल्या एका कानात घातले, मग त्याच कानात माझ्या भावाला. "ताई, दोघंही सारखेच वाजतायत. मला तर काही फरक कळत नाही," ते म्हणाले.

"काका, इथे एवढा गोंगाट आहे. इथे कसं कळणार?" ताई म्हणाली.

काकांनी खांदे उडवले. खरे सांगणारा एक माणूस भेटला होता, पण बाहेर रस्त्यावर खोदकाम चालू होते, आणि ताईला तेवढे निमित्त पुरले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. तिने संगणकावर नाटुकल्यांच्या डाव्या बाजूचा आवाज थोडा वाढवला. काही दिवसांनी अजून थोडा. मी जीव तोडून ओरडत होतो आणि तिला मी कुजबुजल्यासारखा वाटत होतो.

शेवटी तिला सत्य दाखवले ते एका बदकाने. नाटुकल्यात ते बदक डावीकडच्या तळ्यातून निघून डुलत डुलत उजवीकडे जायचे होते. स्टुडिओच्या दिग्दर्शक बाई ते ऐकून ताईच्या टेबलाशी आल्या. रागावल्या नव्हत्या, काळजीतच होत्या. "इस्त्री, तुझं बदक डाव्या कानात बोंबलतंय गं. आणि आजोबा तर अगदी कानात शिरून खोकतायत. हे असं तुझ्याकडून कधी झालं नव्हतं."

त्या गेल्यावर ताईने मला टेबलावरून उचलले. मग तिने असे काही केले जे शहाणा माणूस सहसा करत नाही. तिने मला उजव्या कानात घातले. मी डाव्या कानाच्या वळणाने घडलेला. उजव्या कानात मला उलटे घालावे लागते, तार खाली लोंबते, पाठीचा कोपरा टोचतो. तिने मला बोटाने दाबून धरले आणि लपाछपीचा तुकडा लावला.

मुलगी मोजू लागली. पावले पळाली. आणि मी ते हसू पाठवले. ते तिला स्पष्ट ऐकू आले, अगदी पहिल्या दिवशीसारखे. उभ्या आयुष्यात मी इतका चोख कधी वाजलो नसेन, आणि आयुष्यात प्रथमच मला वाटले, आपण बिघडलेलो असतो तर किती बरे झाले असते.

ताई तशीच उठली आणि दादाच्या दुकानात गेली. तो खडूने कापडावर खुणा करत होता.

"दादा, डावा गेला."

"मग दुसरी जोडी आणू. मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यात दम नाही."

"इअरफोन नाही रे," ताई म्हणाली. "कान."

दादाचा खडू कापडावर तसाच थांबला. मग त्याने पायांत चपला घातल्या आणि दुकानाचे शटर खाली ओढले. भर दिवसा त्याने शटर ओढलेले कोणी पाहिले नव्हते. तिथूनच दोघे कानाच्या डॉक्टरांकडे गेले, आणि ताईच्या पिशवीत आम्हीही होतो. डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासले आणि सांगितले की आतली नस दुबळी झाली आहे. "पहिल्याच दिवसांत आला असतात तर कदाचित थोडंफार वाचलं असतं. आता गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. उजवा कान उत्तम आहे. तो जपायचा." ताईने मान डोलावली. पहिले दिवस तिने टोप्या बदलण्यात घालवले होते.

आमची डबी खणात गेली. खणात अंधार असतो, पण त्याचे एवढे वाटत नाही. वाट बघणे कठीण असते. सकाळ झाली हे मला खुर्चीच्या आवाजावरून कळे, आणि मी लपाछपीच्या तुकड्यासाठी तयार होऊन बसे. खण काही उघडत नसे. एकदा ताईचे बोलणे ऐकू आले. ती दिग्दर्शक बाईंना सांगत होती, "एका कानाने मी कोणाला जागा देणार? अर्धं घर बंद ठेवून पाहुणे कुठे बसवू?" ती काम सोडायला निघाली होती.

सुट्टीच्या दिवशी दादा स्टुडिओत आला. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती, काढायची राहिली असावी. त्याने खुर्ची ओढली आणि ताईच्या डावीकडे बसला. "डाव्या बाजूचं मी ऐकतो. तू उजवं सांभाळ. मला काय ऐकायचं ते फक्त सांग."

"तू?" ताई कितीतरी दिवसांनी हसली. "तुला पत्रा ऐकू येतो."

पण तिने खण उघडला. टोप्यांच्या पिशवीतून सगळ्यांत मोठी टोपी काढली, जी आजवर कोणी वापरलीच नव्हती, आणि माझ्या डोक्यावर बसवली. "मान वळव. कान वर ओढ. अजून. आता सोड." मी दादाच्या कानात शिरलो. प्रशस्त कान, दाराशी केसांचे रान. तिने आधी एक गाणे लावले, दादाचे आवडते. खालचा पहिला सूर लागला आणि दादाचे तोंड उघडेच राहिले.

"अगं, हे एवढं होतं यात? आणि मी पत्रा म्हणालो!"

"माप, दादा," ताई म्हणाली. "तुला मी काय सांगावं."

मग तिने लपाछपीचा तुकडा लावला आणि श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दादाने डोळे मिटले. "मुलगी मोजतेय. पोरं पळतायत. आणि... इकडे कोणीतरी हसतंय. तोंड दाबून."

"हसतंय ना?" ताईने त्याचा हात धरला. "आहे ना रे अजून तिथे?" तिचे डोळे भरून आले होते. दादाचेही आले, पण तो म्हणाला की केसांना गुदगुल्या होतायत.

तेव्हापासून आम्ही असे काम करतो. उजवा ताईच्या उजव्या कानात, मी दादाच्या डाव्या. तार आखूड पडते, म्हणून दोघांना डोक्याला डोके लावून बसावे लागते. दादाचा हात शिंप्याचा, त्यामुळे त्याचा कानही तसाच निघाला. "बदक एक सूत मागे घे. हां. आजोबा खांद्यात सैल झालेत, आवळ." दिग्दर्शक बाई म्हणतात की बदक आता पूर्वीपेक्षा जास्त डौलात चालते. माझी तक्रार नाही. दादाचा कान चांगला आहे. पण चांगला कान आणि आपला कान यांत फरक असतो.

मित्रांनो, तुमच्याजवळही माझ्यासारखे कोणी असेल. त्याला आपल्या मापाची टोपी द्या, त्याची जाळी स्वच्छ ठेवा, तारेला गाठी मारू नका. आम्ही तुटलो तरी हरकत नाही, आमच्यासारखे दुसरे मिळतात. पण एखादे दिवशी आवाज मंद वाटला तर आम्हाला झाडत, पुसत, बदलत बसू नका. आधी जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी कान दाखवून या. कानाला सुटा भाग मिळत नाही.

परवाची एक गोष्ट सांगून थांबतो. काम संपले होते. दादा आतल्या खोलीत चहा करायला गेला. ताईने माझी मोठी टोपी काढली, मला पुसले आणि डबीच्या कप्प्यातून लहान टोपी काढली. ती तिने इतके दिवस जपून ठेवली होती. तार कानामागून घेतली, कान किंचित वर ओढला, मला डाव्या कानात सरकवले आणि अर्धा वळसा दिला. तीच ऊब. तीच टकटक. उजवा टेबलावर पडून होता. ताईने तुकडा लावला.

मुलगी मोजू लागली. पावले पळाली. माझ्या पडद्यात जेवढा जीव होता तेवढा लावून मी ते हसू पाठवले. ताई डोळे मिटून बसली होती. दादा दोन कप घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. तुकडा संपला तरी तिने मला काढले नाही.

"दादा," तिने डोळे न उघडता विचारले, "हसलं का रे आत्ता?"

"हसलं," दादा म्हणाला.

त्याच्या कानात तेव्हा काहीच नव्हते. पण तो खरे बोलला. ते हसू मी पोचवले होते, अगदी दारापर्यंत.